सर्बियन आणि क्रोएशियन कथापट: कोणता कोणाचा, आणि सुरुवात कुठून?

समांतर_रेषा

आमच्या चित्रपट मंडळाला सर्बियन आणि क्रोएशियन कथापटांची आठ खेळांची मालिका लावायची आहे. यादी करायला बसलं की घोळ होतो, कारण १९९१ आधी हे सगळे भाग युगोस्लाविया या एकाच देशात होते आणि तेव्हाच्या प्रत्येक चित्रपटावर 'युगोस्लाविया' एवढाच शिक्का असतो. त्याच चित्रपटाला एक संकेतस्थळ सर्बियन म्हणतं, दुसरं क्रोएशियन, तिसरं बोस्नियन. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जुना चित्रपट कोणाच्या खात्यात टाकायचा हे ठरवायची काही रीत आहे का? मूकपटांपासून सुरुवात करता येईल का? आणि प्रत मिळवताना कुठे फसगत होते? दिग्दर्शक कुस्तुरित्साचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याच्या पलीकडचं सांगितलंत तर बरं.

रीळ_क्रमांक_दोन

देशावरून नको, निर्मितीसंस्थेवरून लावा. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लावियात चित्रपट उद्योग प्रजासत्ताकांनुसार वाटला गेला होता. बेलग्रेडला (सर्बिया) आवाला फिल्म आणि झाग्रेबला (क्रोएशिया) याद्रान फिल्म, दोन्ही १९४६ च्या. सारायेवोला (बोस्निया) बोस्ना फिल्म, ल्युब्ल्यानाला (स्लोव्हेनिया) त्रिग्लाव फिल्म, पुढे नोवी सादला (सर्बिया) नेओप्लांता, बेलग्रेडलाच सेंतार फिल्म. सुरुवातीच्या पाटीवर संस्थेचं नाव असतं, ते आधी बघायचं. मग दिग्दर्शकाने कारकीर्द कुठे केली ते. कथा कुठे घडते आणि नट कुठले, हे सगळ्यात शेवटी, कारण तिथेच लोक चुकतात.

युद्धानंतरचा पहिला युगोस्लाव कथापट 'स्लावित्सा' (१९४७) घ्या. कथा क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची, दिग्दर्शक व्येकोस्लाव आफ्रिच क्रोएशियन, पण निर्मिती बेलग्रेडच्या आवालाची. दोन्हीकडचे इतिहासकार त्याला आपल्या पुस्तकात जागा देतात आणि दोघांचंही बरोबर आहे. 'देवेती क्रुग' (१९६०) याच्याही पुढचा. झाग्रेबमधल्या ज्यू मुलीची गोष्ट, निर्मिती याद्रानची, दिग्दर्शक फ्रान्स श्तिग्लिच स्लोव्हेनियन, नायिका दुशित्सा झेगारात्स बेलग्रेडची. ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळालं ते युगोस्लावियाच्या नावाने. मी तो क्रोएशियन खात्यात टाकेन, पण त्यावर वाद घालणार नाही.

कुस्तुरित्साबद्दल एक सावधगिरी: १९८५ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा त्याचा चित्रपट सारायेवोचा आहे. तो ना सर्बियन ना क्रोएशियन. १९९५ चा 'अंडरग्राउंड' मात्र सर्बियन बाजूला येतो.

आणि खात्यांचा फार कंटाळा आला तर एका कॅमेरामनच्या मागे लागा. तोमिस्लाव पिंतेर झाग्रेबचा. १९६४ ते ६९ या काळात त्याने मिमित्साचा 'प्रोमेतेय स ओतोका विशेवित्से', पेत्रोविचचा 'त्री', बेर्कोविचचा 'रोंदो', पेत्रोविचचाच 'स्कुप्ल्याची पेर्या', बाबायाचा 'ब्रेझा' आणि बुलायिचचा 'बित्का ना नेरेत्वी' एवढे चित्रीत केले. यातले पेत्रोविचचे दोन बेलग्रेडचे. म्हणजे सर्बियन सिनेमाचे सर्वात गाजलेले दोन चित्रपट एका क्रोएशियन डोळ्याने टिपलेत. उलट 'रोंदो' हा पक्का झाग्रेबचा: रविवार दुपार, बुद्धिबळाचा पट, नवरा-बायको आणि घरी येणारा पाहुणा. त्यातली बायको म्हणजे मिलेना द्राविच, बेलग्रेडची तारका. 'त्री' आणि 'रोंदो' लागोपाठ दाखवलेत तर वाटणीचा प्रश्न प्रेक्षकांना आपोआप कळेल, वेगळं भाषण नको.

जुनी_पेटी

मूकपटांबद्दल. मनात असलं तरी क्रोएशियन बाजूने दाखवायला फारसं काही हाती लागणार नाही. पहिला क्रोएशियन कथापट 'ब्रत्स्को उ झाग्रेबु' १९१७ चा, दिग्दर्शक आर्नोश्त ग्रुंड. त्याची प्रत उरलेली नाही. त्याच सुमाराचे 'मातिया गुबेत्स' आणि 'ग्रिच्का व्येश्तित्सा' हेही गेले.

सर्बियन बाजूला नशीब चांगलं. 'काराजोर्जे' १९११ चा. पैसा स्वेतोझार बोतोरिचचा. त्याचं बेलग्रेडमध्ये हॉटेल होतं आणि तिथेच तो चित्रपटाचे खेळ लावायचा. कॅमेरा चालवायला पाथे या फ्रेंच कंपनीचा माणूस, दिग्दर्शन इलिया स्तानोयेविचचं, नट राष्ट्रीय रंगभूमीचे. पहिल्या सर्बियन उठावाचा पुढारी काराजोर्जे याचं चरित्र. हाही हरवलाच होता, पण २००३ साली व्हिएन्नाच्या चित्रपट संग्रहालयात सापडला. बघताना लक्षात ठेवायचं की हे नाटकच आहे, कॅमेरा एका जागी ठोकलेला आणि नट आडव्या रांगेत. मालिकेच्या उद्घाटनाला दहा मिनिटांचा तुकडा पुरे, अख्खा दाखवाल तर खुर्च्या रिकाम्या होतील.

बोलपटांची सुरुवात दोन्हीकडे युद्धाच्या अंधारात झाली. 'नेविनोस्त बेझ झाश्तिते' १९४२ चा, नाझींच्या ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये द्रागोल्युब आलेक्सिच नावाच्या कसरतपटूने स्वतःलाच नायक करून काढलेला. 'लिसिन्स्की' १९४४ चा, झाग्रेबमध्ये ओक्तावियान मिलेतिचचा, संगीतकाराचं चरित्र. युद्धानंतर मिलेतिच मुख्यतः कॅमेऱ्यामागे राहिला.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. 'नेविनोस्त बेझ झाश्तिते' याच नावाचा चित्रपट १९६८ चाही आहे. दुशान माकावेयेवने आलेक्सिचचा जुना चित्रपट घेतला, काही चौकटींना (फ्रेमना) रंग दिला, मध्ये युद्धकाळातली बातम्यांची चित्रफीत घातली, आणि म्हातारा झालेला आलेक्सिच अजून कसरती करतोय हेही चित्रीत केलं. बर्लिन महोत्सवाचं रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळालं ते या दुसऱ्याला. प्रत मागवताना साल न सांगितल्यास हमखास गोंधळ होतो. खरं तर दुसराच मागवा, त्यात पहिलाही बराचसा बघायला मिळतो.

चौथी_रांग

सर्बियन भागाचा कणा म्हणजे 'काळी लाट', समाजवादी देशाची काळी बाजू दाखवणारे चित्रपट, साधारण १९६३ ते ७२. 'लाट' वाचून कुणी जाहीरनामा काढला होता असं समजू नका. हे नाव विरोधकांनी दिलं, १९६९ च्या 'बोर्बा' या सत्ताधाऱ्यांच्या वर्तमानपत्रातल्या लेखातून, शिवी म्हणून.

या चित्रपटांत नक्की काय खुपलं? चिखल. पेत्रोविचच्या 'स्कुप्ल्याची पेर्या' (१९६७) मध्ये उत्तर सर्बियातल्या व्होइव्होदिनाच्या सपाट मैदानात हंसांची पिसं विकत घेणारे रोमा (जिप्सी) व्यापारी आहेत. नायक बेकिम फेहमिऊ, पण भोवतीची माणसं त्याच वस्त्यांमधली, संवाद मोठ्या प्रमाणात रोमानी भाषेत. समाजवाद येऊन वीस वर्षं झाली तरी या लोकांच्या पायाखालचा रस्ता कच्चाच, आणि चित्रपट त्याबद्दल भाषण करत नाही. कानला विशेष पारितोषिक, ऑस्करला नामांकन. त्यातलं 'जेलेम जेलेम' हे गाणं पुढे जगभरच्या रोमा लोकांचं गीत झालं. प्रत घेताना एवढं तपासा की सबटायटल सर्बियन आणि रोमानी दोन्ही संवादांना आहेत.

झेलिमिर झिल्निकचा 'रानी रादोवी' (१९६९) मंडळात वाद पेटवेल. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तीन मुलगे आणि एक मुलगी क्रांती समजावायला खेड्यात आणि कारखान्यात जातात, मार खातात, आणि शेवटी ते तिघे त्या मुलीलाच मारतात. मुलीचं नाव युगोस्लावा. याहून उघड काय लिहायचं! सरकारी वकिलाने बंदी मागितली. झिल्निक स्वतः कायद्याचा पदवीधर, न्यायालयाने बंदी फेटाळली, आणि त्याच वर्षी बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं.

'बंदी घातलेला चित्रपट' हे शब्द पत्रकात सैल हाताने वापरू नका. न्यायालयाने खरोखर बंदी घातलेला म्हणजे 'ग्राद' (१९६३), तीन दिग्दर्शकांचा तीन गोष्टींचा चित्रपट, आणि ती बंदी सारायेवोच्या न्यायालयाची. बाकीचे 'बंकर'मध्ये गेले, तिकडचा शब्दच तो. म्हणजे कागदावर आदेश काहीच नाही. निर्मितीसंस्थेची समिती स्वतःच प्रत मागे घेते, वितरक तारीख देत नाही, चित्रपटगृहाला अचानक दुसरं काहीतरी लावायचं असतं. माकावेयेवचा 'डब्ल्यूआर' (१९७१) असाच वर्षानुवर्षं घरी दिसला नाही, बाहेर मात्र सगळीकडे फिरला, आणि माकावेयेव परदेशी गेला. लाझार स्तोयानोविच या विद्यार्थ्याच्या 'प्लास्तिच्नी इसुस'ने हद्द झाली. तो तुरुंगात गेला आणि त्याचा शिक्षक म्हणून पेत्रोविचची चित्रपट अकादमीतली नोकरी गेली. लाट ओसरली ती अशी. प्रेक्षक कंटाळले म्हणून ओसरली, असं जे कधीकधी छापून येतं ते खोटं.

गच्चीवरचा_पडदा

+१, पण धागा बेलग्रेडकडे कलतोय. काळ्या लाटेच्या नादात झाग्रेबवर नेहमी अन्याय होतो.

'हा-ओसाम' (१९५८) हा तुमच्या मालिकेचा पहिला खेळ असायला हवा. दिग्दर्शक निकोला तान्होफर, पटकथेत झ्वोनिमिर बेर्कोविच, जो पुढे 'रोंदो' काढतो. १९५७ च्या एप्रिलमध्ये झाग्रेब-बेलग्रेड महामार्गावर एका मोटारीने बेफाम ओव्हरटेक केलं, बस आणि ट्रक समोरासमोर धडकले, आणि मोटारवाला दिवे विझवून पसार झाला. नंबरप्लेटचा हाती लागला तेवढा भाग म्हणजे चित्रपटाचं नाव. आता बांधणी बघा. अपघात होणार हे सुरुवातीलाच सांगितलं जातं. निवेदक किती मरणार तेही सांगतात आणि बसमधल्या कोणत्या जागा मृत्यूच्या आहेत तेही. मग दीड तास माणसं एकमेकांशी बोलत, भांडत, लाडीगोडी लावत जागा बदलत राहतात. एखादा उठून खिडकीशी बसला की प्रेक्षागृहात सुस्कारा ऐकू येतो. समोरून येणाऱ्या ट्रकमध्ये वेगळीच गोष्ट चाललेली. रहस्य काही नाही, तरी जीव टांगणीला. पटकथा शिकणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन जागांचा नकाशा काढत बघावा.

दुसरा, क्रेशो गोलिकचा 'त्को प्येवा झ्लो ने मिस्ली' (१९७०). १९३० च्या दशकातलं झाग्रेब, अंगणाभोवतीची बिऱ्हाडं, छोट्या पेरित्साच्या डायरीतून दिसणारे आईबाप, आणि आईच्या मागे लागलेला चटपटीत फुलिर. रविवारची सहल, खाणंपिणं, गाणी. बघायला हलकाफुलका, पण कुणी कोणाकडे कधी पाहिलं याचा हिशोब गोलिकने असा ठेवलाय की दुसऱ्यांदा बघताना हसू वेगळ्या ठिकाणी येतं. १९९९ च्या समीक्षकांच्या कौलात हाच सर्वोत्तम क्रोएशियन चित्रपट ठरला होता.

याला जोडी म्हणून स्लोबोदान शियानचा 'को तो तामो पेवा' (१९८०) लावा. नावं सारखी ऐकू येतात, पत्रकात अदलाबदल होते, जपा. हा बेलग्रेडचा, सेंतार फिल्मचा, पटकथा दुशान कोवाचेविचची. ५ एप्रिल १९४१, खटारा बस, मालक क्रस्तिच आणि गाडी चालवणारा त्याचा अर्धवट मुलगा, राजधानीकडे निघालेले उतारू. एक पहिल्या महायुद्धातला सैनिक, एक जर्मनभक्त, एक क्षयरोगी, एक गायक, एक नवं जोडपं. वाटेत एका शेतकऱ्याने रस्ताच नांगरून टाकलेला. अधूनमधून दोन रोमा वादक थेट कॅमेऱ्याकडे बघून गातात. शेवटी पाकीट हरवतं आणि आळ कोणावर येतो ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, बेलग्रेडवर बॉम्ब पडले हे इतिहासात आहेच. ८६ मिनिटांत एकही दृश्य फुकट नाही. चित्रीकरण देलिब्लातोच्या वाळूच्या टेकड्यांवर, म्हणून ते रिकामं क्षितिज.

आणि काळ्या लाटेला झाग्रेबचं उत्तर हवं असेल तर कर्स्तो पापिचचा 'लिसित्से' (१९६९). युगोस्लावियाचा नेता तितो आणि सोव्हिएत स्टालिन यांच्या फारकतीचा काळ, दाल्मेशियाच्या मागच्या डोंगराळ मुलखातलं लग्न, आणि वऱ्हाडात येऊन बसलेले गुप्त पोलीस. नवरीचं काम करणारी यागोदा कालोपेर 'डब्ल्यूआर'मध्येही आहे.

समांतर_रेषा

सर्वांचे आभार, निर्मितीसंस्थेचा नियम लगेच कामाला आला. आता दोन शंका. भव्य युद्धपटांपैकी एखादा ठेवावा का? आणि १९९१ नंतरच्या चित्रपटांचं काय, तिथे तर दोन वेगळे देशच आहेत.

रीळ_क्रमांक_दोन

युद्धपट ठेवायचा तर 'बित्का ना नेरेत्वी' (१९६९), पण आवृत्तीवर नजर ठेवून. मूळ युगोस्लाव आवृत्ती सुमारे १७५ मिनिटांची. इंग्रजी बाजारासाठी ती खूपच कापली आणि संगीतही बदललं, बर्नार्ड हरमनचं घातलं. कापलेल्या आवृत्तीत ऑर्सन वेल्स आणि युल ब्रिनर शाबूत आहेत, गाळली गेलीत ती स्थानिक पात्रं. ते बघून 'पोकळ भपका' म्हणणं सोपं जातं. पुलाची दंतकथाही विचारली जाईल, म्हणून सांगतो: बोस्नियातल्या याब्लानित्साचा खरा पूल चित्रपटासाठी उडवला, पण धुराने पडदा भरून गेला आणि दृश्य वापरता आलं नाही. पडद्यावर जे दिसतं ते प्रागच्या स्टुडिओतल्या छोट्या प्रतिकृतीचं. कोसळलेला पूल मात्र अजून तिथेच नदीत आहे, लोक बघायला जातात.

माझं मत विचाराल तर मालिकेत तीन तासांचा एकच चित्रपट झेपतो, आणि ती जागा मी 'अंडरग्राउंड'ला देईन. त्याचीही दोन रूपं: चित्रपटगृहातलं पावणेतीन तासांच्या आसपास, आणि दूरदर्शन मालिकेचं पाच तासांहून मोठं.

चौथी_रांग

१९९१ नंतर क्रोएशियातल्या पुला शहराचा चित्रपट महोत्सवच फुटला. १९५४ पासून तिथल्या प्राचीन रोमन अँफिथिएटरमध्ये सगळ्या युगोस्लावियाचे चित्रपट एकत्र स्पर्धा करायचे. १९९१ चा महोत्सव युद्धामुळे रद्द झाला आणि पुढच्या वर्षापासून तो फक्त क्रोएशियाचा राहिला. सर्बियावर निर्बंध, क्रोएशियात सरकारी दूरचित्रवाणी हीच मुख्य निर्माती.

इथे एकाच वर्षातले दोन चित्रपट एकाच संध्याकाळी लावा. १९९६, सर्जान द्रागोयेविचचा 'लेपा सेला लेपो गोरे' आणि विंको ब्रेशानचा 'काको ये पोचेओ रात ना मोम ओतोकु'. पहिल्यात बोस्नियातल्या एका बोगद्यात अडकलेली सर्ब तुकडी, बाहेर वेढा. सुरुवात १९७१ च्या बातमीपटासारख्या दृश्याने, 'बंधुता-एकता' बोगद्याचं उद्घाटन, पुढारी फीत कापताना स्वतःचं बोट कापून घेतो. दुसऱ्यात एका बेटावर युगोस्लाव सैन्याचा अधिकारी स्फोटकांसकट छावणीत बसलाय, आणि त्याला बाहेर काढायला गावकरी फाटकाबाहेर दिवसभर गाणी-कवितांचा कार्यक्रम लावतात. दोन्हीकडे वेढाच, एकीकडे रक्त आणि एकीकडे प्रहसन. द्रागोयेविचवर पक्षपाताचा आरोप झाला, त्यामुळे चर्चेला वेळ राखून ठेवा. त्याचाच 'राने' (१९९८) क्रोएशियात लागला तेव्हा खाली क्रोएशियन सबटायटल होती, आणि प्रेक्षक चित्रपटापेक्षा त्यांनाच जास्त हसले.

नंतरची वाट पुन्हा एकत्र येते, पैशासाठी का होईना. राय्को ग्रलिचचा 'काराउला' (२००६) हा आधीच्या सगळ्या प्रजासत्ताकांनी मिळून काढलेला पहिला चित्रपट. शेवटच्या खेळाला दालिबोर मातानिचचा 'झ्विझ्दान' (२०१५) ठेवा: १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन प्रेमकथा, जोडपी वेगळी, नट तेच दोघे. त्यातला गोरान मार्कोविच हा क्रोएशियन नट. 'वारिओला वेरा'चा दिग्दर्शक गोरान मार्कोविच सर्बियन आणि वयाने कितीतरी मोठा. परिचयात फोटो चुकीचा लागलेला बऱ्याचदा दिसतो.

जुनी_पेटी

प्रतींबद्दल राहिलंच होतं.

शोधताना नुसतं 'सर्बियन फिल्म' टाकू नका. त्या नावाचा २०१० चा अत्यंत किळसवाणा हिंसापट आहे आणि तोच आधी पुढे येतो. दिग्दर्शकाचं नाव आणि साल टाका. सर्बियन नावं सिरिलिक आणि लॅटिन दोन्ही लिप्यांत शोधा, आणि लॅटिनमध्ये अक्षरांवरच्या खुणांसकट आणि खुणांशिवाय, दोन्ही.

लांबी कमी दिसली की लगेच 'कापलेली प्रत' म्हणू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, तिकडची दूरचित्रवाणी २५ चौकटींची, त्यामुळे टीव्हीवरून उतरवलेली प्रत ४ टक्के लवकर संपते. १७५ मिनिटांचा चित्रपट १६८ मिनिटांचा दिसला तर तो पूर्ण आहे. १५० चा दिसला तर नाही. अशा प्रतीत आवाजही थोडा वरच्या पट्टीत जातो, 'को तो तामो पेवा'सारख्या गाण्यांच्या चित्रपटात ते कानाला लागतं.

सबटायटलचंही तेच. २५ च्या प्रतीसाठी केलेली फाइल २४ च्या प्रतीला लावली की सुरुवातीला जुळल्यासारखी वाटते आणि तासाभरात जवळपास अडीच मिनिटं पुढे पळते. पहिली पाच मिनिटं बघून 'ठीक आहे' म्हणायचं नाही, तासाच्या पुढचा एखादा संवाद तपासायचा. फाइल एकसारखी मागे-पुढे सरकवून हे दुरुस्त होत नाही, चौकटींचा वेगच बदलून घ्यावा लागतो. सबटायटल जुळवण्याच्या कोणत्याही साध्या प्रोग्रॅममध्ये ती सोय असते.

'नेरेत्वी'ची टीव्हीवरची प्रत आणखी एका कारणाने टाळा: रुंद पडद्याचा चित्रपट चौकोनी करताना दोन्ही बाजू छाटलेल्या असतात, आणि त्यातली अर्धी फौज त्या बाजूंनाच उभी आहे.